पहिल्या तासाचा शब्द

संकट कोसळते त्या घटकेला राज्यकर्त्याच्या हाती फारसे काही नसते. मदतीच्या मोटारी अजून वाटेत असतात, मृतांची मोजदाद झालेली नसते, दुर्घटनेचे कारण कळलेले नसते आणि दोष कोणाचा हे ठरण्यास तर महिने लागायचे असतात. अशा वेळी राज्यसंस्थेपाशी लोकांना देण्याजोगी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे शब्द. हा शब्द केव्हा उच्चारला गेला, त्यात काय सांगितले आणि काय वगळले, यावर पुढच्या चोवीस तासांत किती माणसे वाचतात आणि किती घरे जळतात हे पुष्कळदा अवलंबून असते. असे असूनही आपल्याकडे या विषयाची चर्चा होते ती पुढाऱ्याच्या प्रतिमेच्या अंगाने. तो घटनास्थळी किती वाजता पोचला, त्याचा चेहरा पुरेसा गंभीर होता काय, हेलिकॉप्टरमधून पाहणी करतानाचे छायाचित्र शोभले की नाही, यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. वस्तुतः हा प्रश्न शोभेचा नसून वाटपाचा आहे.

रेशनच्या दुकानात धान्य आले नाही, तर सुखवस्तू कुटुंबाचे काही अडत नाही. ते बाजारातून दोन पैसे जास्त देऊन आणते. ज्याचा संसार रेशनकार्डावर चालतो त्याच्या घरची चूल मात्र विझते. संकटकाळी माहितीचेही नेमके असेच होते. ज्याचे नातेवाईक सचिवालयात आहेत, ज्याच्यापाशी स्वतःची मोटार आहे, ज्याच्या बँकेत सहा महिन्यांची शिल्लक आहे, त्याला सरकारच्या निवेदनाची वाट पाहावी लागत नाही. रोजंदारीवरच्या मजुराला, झोपडपट्टीतल्या बाईला, परप्रांतातून आलेल्या गवंड्याला दुसरा मार्गच नसतो. अधिकृत शब्द आला नाही की तो काळ्या बाजारातला माल घेतो, आणि माहितीच्या काळ्या बाजाराचे नाव अफवा. तिची किंमत कधी सर्व कमाई सोडून पळण्याची असते, तर कधी शेजाऱ्याच्या दारावर चालून जाण्याची असते. म्हणून राज्यकर्त्याचे मौन तटस्थ असते असे समजण्याचे कारण नाही. त्याचा बोजा सर्वांत अधिक सर्वांत खालच्या माणसावर पडतो.

भोपाळच्या दुर्घटनेत याचा जो प्रत्यय आला तो विसरण्याजोगा नाही. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कारखान्यासमोरच जयप्रकाशनगरची गरीब वस्ती होती. कारखान्याचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला आणि तो पुन्हा मोठ्याने वाजला तेव्हा वायू वस्त्यांत पसरून गेला होता. माणसे झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे धावत सुटली. धावणाऱ्याचा श्वास जोरात चालतो आणि तो अधिक विष ओढून घेतो. तोंडावर ओला कपडा धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढे सांगण्यास ना पैसा लागत होता ना विलायती यंत्रसामग्री. परंतु ते सांगणारे कोणी नव्हते. हमीदिया रुग्णालयात लोटलेल्या हजारो रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही हा वायू कोणता आणि त्यावर उतारा काय हे कळेना. उलट, कंपनीच्या बाजूने त्यांना सांगण्यात आले की, हा वायू दाह करणारा आहे, प्राणघातक नव्हे.

या रात्रीची पूर्वपीठिकाही लक्षात घेतली पाहिजे. स्थानिक पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ सालीच या कारखान्यातील धोक्याबद्दल लिहिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रदेशाच्या विधानसभेत श्रममंत्र्यांनी भोपाळला कसलाही धोका नाही असा निर्वाळा दिला. संकटापूर्वीचा खोटा दिलासा आणि संकटसमयीचे मौन ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. लोकांना सत्य सोसवणार नाही, ते आपणच जपून ठेवले पाहिजे, अशी ती वृत्ती.

‘लोक घाबरतील’ ही सबब प्रत्येक संकटात पुढे येते, म्हणून तिचा विचार येथेच केलेला बरा. जुलै १९६१ मध्ये पानशेतचे धरण वाचवण्यासाठी लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. खालच्या अंगाला असलेल्या पुणे शहराला मात्र वेळेवर पुरेसा इशारा मिळाला नाही. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमधून फिरले. इशारा मिळाला असता तर शहर घाबरले असते, हे खरे. परंतु घाबरलेला माणूस उंचावर जाऊन उभा राहतो, मुलांना आणि म्हाताऱ्यांना हलवतो, दागिन्यांचा डबा काखोटीला मारतो. भीती ही बुद्धीची शत्रू नेहमीच नसते. कोठे जावे हे सांगणारा शब्द सोबत असला तर ती उपयोगीच पडते. दिशा नसलेली भीती तेवढी घातक असते, आणि दिशा देणे हेच तर शासनाचे काम आहे.

शब्दाने काय साधू शकते याचे उदाहरण हवे असेल तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या एका प्रसंगाकडे वळावे लागेल. ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेच्या अध्यक्षपदी आले तेव्हा त्या देशाची बँकव्यवस्था कोलमडत होती. ठेवीदार रांगा लावून पैसे काढत होते आणि त्या रांगांमुळेच धड असलेल्या बँकाही बुडत होत्या. ६ मार्चला रूझवेल्टनी देशभरच्या बँका बंद ठेवण्याचा आदेश काढला. ९ मार्चला काँग्रेसने त्यासंबंधीचा कायदा संमत केला. १२ मार्च, रविवारच्या रात्री अध्यक्ष रेडिओवर बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणीत उतरलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. लोक पुन्हा रांगेत उभे राहिले, ते बहुतांशी काढलेले पैसे परत भरण्यासाठी.

हे भाषण जेमतेम पाव तासाचे होते आणि त्यात अलंकार फारसे नव्हते. तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत बंद करून ठेवत नाही, तो उद्योगांना आणि शेतीला कर्जाऊ देते, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी मागितला तर कोणतीही बँक तो देऊ शकणार नाही, हे बाळबोध भाषेत त्यांनी समजावून दिले. उद्या कोणत्या शहरांतील बँका उघडतील आणि परवा कोणत्या, हे सांगितले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बँक उघडेलच आणि कोणाचेही नुकसान होणार नाही असे वचन देण्याचे त्यांनी टाळले. काही बँका उघडणार नाहीत याची कबुली त्या भाषणातच होती. ज्याला एवढे अप्रिय सांगता येते त्याच्या प्रिय बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात. मात्र या यशाचे श्रेय केवळ वाणीला देणे चुकीचे होईल. शब्दाच्या आधी आदेश, कायदा आणि तपासणी झालेली होती. शब्द ही हुंडी आहे. मागे पत असल्याशिवाय ती वटत नाही.

आपल्या इतिहासात पहिल्या शब्दाची सर्वांत कठीण परीक्षा ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी झाली. गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या होत्या आणि मारेकरी मुसलमान असल्याची आवई उठण्यास क्षणाचाही अवधी लागला नसता. मारेकरी हिंदू आहे, हे आकाशवाणीवरून सांगण्यात आले. त्या रात्री पंडित नेहरू आणि सरदार पटेल दोघेही देशाशी बोलले. सूडाची भाषा दोघांच्याही तोंडी नव्हती. त्या एका वस्तुस्थितीच्या उच्चाराने किती निरपराधांचे प्राण वाचले याची गणना कधीच होऊ शकणार नाही.

परंतु महाराष्ट्राला या घटनेची दुसरी बाजूही ठाऊक आहे. मारेकऱ्याची जात कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. ज्यांचा त्या कटाशी सुतराम संबंध नव्हता अशा शेकडो कुटुंबांची घरे आणि दुकाने जळाली. यावरून, सत्य सांगितले ही चूक झाली असा निष्कर्ष कोणी काढू नये. धडा असा की, सत्य सांगताना त्याचा रोख उद्या कोणावर फिरेल याचा विचार त्याच घटकेला करावा लागतो. अपराध व्यक्तींचा आहे, जातीचा किंवा धर्माचा नाही, हे त्याच श्वासात म्हणावे लागते आणि त्या म्हणण्यामागे पोलिसांचा बंदोबस्त गावोगाव उभा करावा लागतो. दिल्लीत सत्याला बळ मिळाले. दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यांपर्यंत ते बळ वेळेवर पोचले नाही.

मग शांततेसाठी सत्याला मुरड घालावी काय? या प्रश्नाचे सोपे उत्तर देणाऱ्यांनी १२ मार्च १९९३ ची दुपार आठवावी. मुंबईत त्या दिवशी बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. शहर डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींतून नुकतेच उठत होते. स्फोटांची ठिकाणे बहुतांशी हिंदू वस्तीतील किंवा व्यापारी भागांतील होती. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून बोलताना स्फोटांची संख्या एकाने वाढवून सांगितली आणि मुसलमान वस्ती असलेल्या मशीद बंदरचे नाव त्यांत घातले. तेथे स्फोट झालेलाच नव्हता. दोन्ही समाज सारखेच बळी ठरले आहेत असे वाटावे, म्हणून आपण हे हेतुपुरस्सर केले, असे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. मुंबईत पुन्हा दंगल उसळली नाही. स्फोट शुक्रवारी झाले आणि सोमवारी शेअर बाजार सुरू झाला, हेही त्याच धोरणाचे अंग होते.

या असत्याला केवळ असत्य म्हणून फेटाळणे हा कोरडा नीतिवाद होईल. दंगलीत मरणारा माणूस सत्याच्या तात्त्विक महत्तेसाठी मरण्यास बांधलेला नसतो. तथापि हा अपवाद नियम म्हणून स्वीकारता येत नाही, याचीही कारणे सबळ आहेत. एक तर, शांतता केवळ त्या वाक्याने राखली की पोलीस, शांतता समित्या आणि दंगलींनी थकलेले सामान्य मुंबईकर यांनी राखली, हे कोणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही. दुसरे म्हणजे, लोकहितासाठी खोटे बोलण्याचा अधिकार एकदा मान्य केला की लोकहित कशात आहे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्यामागून जातो. भोपाळला धोका नाही असे सांगणाऱ्या मंत्र्यालाही आपण लोकहितच साधत आहोत असे वाटले असेल. शिवाय, राज्यकर्त्याचा शब्द हा सामाजिक ठेवा आहे. आज खोटे वटवून घेतले तर उद्या खऱ्याची किंमत घसरते. ज्या राज्यकर्त्याला अशा प्रसंगी सत्य लपवावेच लागेल, त्याने ते आपल्या जबाबदारीवर लपवावे आणि ठरावीक मुदतीत विधिमंडळासमोर येऊन कारणांसह सांगावे. पवारांनी ते दडवून ठेवले नाही, ही जमेची बाजू. पण असे सांगणे व्यक्तीच्या मर्जीवर न राहता संस्थेचा दंडक झाले पाहिजे.

मुंबईनेच पंधरा वर्षांनी दुसरा प्रकार पाहिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या तोंडून, मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतच असतात, अशा अर्थाचे वाक्य गेले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजमहाल हॉटेलच्या पाहणीस गेले तेव्हा त्यांच्यासोबत एक चित्रपट दिग्दर्शक दिसले. लोकांचा संताप अनावर झाला आणि दोघांनाही पद सोडावे लागले. संताप रास्त होता, कारण मृतांची विटंबना झाली अशी भावना त्यामागे होती. परंतु एका वाक्याला आणि एका छायाचित्राला शासन झाल्यानंतर समाजाचे समाधान झाले. पोलिसांची शस्त्रे, चिलखते, सागरी पहारा आणि गुप्तवार्ता यांचा हिशेब चौकशी समितीकडे गेला आणि राजीनाम्यांइतका गाजावाजा त्याचा कधीच झाला नाही. शब्दाची परीक्षा केवळ औचित्याच्या अंगाने केली की असे होते. पुढारी जपून बोलण्यास शिकतात. उपयोगाचे बोलण्यास शिकत नाहीत.

याची सर्वांत मोठी किंमत २०२० साली श्रमिकांनी मोजली. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. मध्ये चार तास होते. प्रवासी रेल्वेगाड्या दोन दिवस आधीच थांबवलेल्या होत्या. साथीला अटकाव करण्यासाठी कठोर उपाय आवश्यक होते, याबद्दल वाद नाही. घरातच राहा, हा आदेश निःसंदिग्ध होता आणि गरिबांच्या अडचणींचा उल्लेखही भाषणात होता. परंतु ज्याचे घर हजार मैल दूर आहे आणि जो बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत दहाजणांसोबत झोपतो, त्याने काय करावे? उद्याची मजुरी कोण देणार, खोलीचे भाडे कोण थांबवणार, धान्य कोठे मिळणार, गावी जाता येईल की नाही आणि येईल तर केव्हा? त्या रात्री यांपैकी एकाही प्रश्नाला ठोस उत्तर मिळाले नाही. आर्थिक साहाय्याची घोषणा दोन दिवसांनी झाली. मजुरी द्या आणि भाडे मागू नका, असा आदेश निघाला तो २९ मार्चला. तोवर महामार्ग पायी चालणाऱ्यांनी भरून गेले होते. खोट्या बातम्यांमुळे मजूर बाहेर पडले असे सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. परंतु काळा बाजार फोफावला म्हणून गिऱ्हाईकाला दोष देताना, सरकारी दुकान रिकामे होते याचाही विचार करावयास हवा होता.

श्रमिकांसाठी पहिल्या विशेष गाड्या १ मे रोजी निघाल्या. त्यानंतरही, ८ मे रोजी, जालन्याहून रुळांच्या कडेने निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातले होते आणि गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे चालले होते. थकून रुळांवरच झोपले, कारण गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. एवढी एक माहिती त्यांच्यापाशी अपुरी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत विचारणा झाली तेव्हा, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने सांगितले.

त्याच काळात केरळात निराळी रीत दिसली. देशव्यापी टाळेबंदीच्या पाच दिवस आधी, १९ मार्चला, मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी वीस हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. परप्रांतीय मजुरांना तेथील सरकार ‘अतिथी कामगार’ म्हणू लागले होते आणि मुख्यमंत्री ठरल्या वेळी वार्ताहरांना सामोरे जाऊन रुग्णांची संख्या स्वतः सांगत. तेथेही सारे आलबेल होते असे नाही. २९ मार्चला कोट्टायम जिल्ह्यातील पायिप्पाड येथे शेकडो मजूर गावी पाठवा म्हणून रस्त्यावर आले. गोड नावाने आणि नियमित निवेदनाने सर्व प्रश्न सुटत नाहीत, एवढा याचा अर्थ. पण भाकरीची योजना बंदीच्या आधी जाहीर करता येते, हे त्या राज्याने दाखवून दिले.

या साऱ्या अनुभवातून पहिल्या तासाच्या निवेदनात काय असावे हे स्पष्ट होते. आतापर्यंत काय कळले, काय कळलेले नाही आणि पुढचे निवेदन किती वाजता होईल, हे त्यात सांगावे. नागरिकांनी तत्काळ काय करावे हे साध्या भाषेत आणि त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेत यावे. मुंबईसारख्या शहरात केवळ मराठी आणि इंग्रजीतील पत्रक हे अर्धेच पत्रक होय. बंदीचा आदेश असेल तर रोजंदारीवर जगणाऱ्याचे अन्न, मजुरी आणि निवारा यांची तजवीज त्याच आदेशात असावी. संशयाचा रोख ज्या समाजगटावर वळण्याचा संभव आहे त्याच्या संरक्षणाची ग्वाही त्याच वेळी द्यावी. आणि चौकशी होण्यापूर्वी कोणाला निर्दोष वा दोषी ठरवणे, तसेच स्वतःच्या सरकारची पाठ थोपटणे, या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

हे पुढाऱ्यांच्या सद्बुद्धीवर सोपवून भागणार नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ पासून अस्तित्वात आहे. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर त्याने प्राधिकरणे निर्माण केली आणि २०२० ची टाळेबंदीही त्याच कायद्याच्या आधाराने लादली गेली. लोकांना थांबवण्याचे अधिकार त्यात भरपूर आहेत. लोकांना सांगण्याचे बंधन त्या मानाने फार क्षीण आहे. संचार किंवा रोजगार थांबवणारा कोणताही आदेश निर्वाहाच्या तजविजीशिवाय अंमलात येणार नाही, जिल्हाधिकाऱ्याने संकटाच्या पहिल्या दिवसापासून ठरल्या वेळी निवेदन केलेच पाहिजे आणि संकट ओसरताच सरकारने काय सांगितले, काय लपवले आणि का, याची श्वेतपत्रिका विधिमंडळाच्या पहिल्याच अधिवेशनात मांडली पाहिजे, अशी दुरुस्ती त्या कायद्यात होणे अगत्याचे आहे. तिला मोठा खर्च नाही. विरोध होईल तो, आपला शब्द मोजला जाऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडून. ही मागणी पुढच्या संकटाची वाट न पाहता कामगार संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी आताच लावून धरली पाहिजे. कारण संकटाच्या रात्री कायदे दुरुस्त करण्यास कोणालाच सवड नसते.